अळणी सोमवार

एर्लांगेन. शनिवार, २८ जुलै १९६२

मिरजेहून अण्णांनी एप्रिलात बोटीने लावलेलं पार्सल आज हाती आलं. सामान असं : गुळाची ढेप दोन पौंडांची, एका कडेने पाघळलेली. काळा मसाला एक डबा. आमसुलं पावशेर. कुंकवाची पुडी. फुलवाती, चिठ्ठीत शंभर, मोजल्या तर ब्याण्णव. यंदाचं पंचांग. आणि सोळा सोमवारच्या कहाणीचं आईच्या वापरातलं पुस्तक, पानं सुटी झालेली. तिकडचं हशील अण्णांनी भरलं. इथे त्सोलाम्टात, म्हणजे जकातीच्या कचेरीत, तीन मार्क चाळीस फेनिग. तिथला साहेब कुंकवापाशी अडला. कसला रंग, म्हणाला. मी कपाळाला बोट लावून दाखवलं. बिचारा लाजला. कुंकू माफ केलं, पैसे गुळाचे घेतले.

गूळ मात्र मला बघण्यापुरता. मधुमेह होऊन या दसऱ्याला पाच वर्षं होतील. रोज सकाळी सुई उकळायची, मांडीत टोचून घ्यायची आणि मग घड्याळ सांगेल तेव्हा सहा वेळा खायचं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं आहे, एकदा टोचलं की खायलाच हवं. मी ते माझ्या भाषेत असं लक्षात ठेवलं आहे की सुई म्हणजे पेटलेली चूल. भांड्यात काही नसेल तर भांडंच जळतं. घेरी आलीच तर खायला म्हणून पर्समध्ये साखरेच्या चार वड्यांची डबी असते. पाच वर्षांत दोनदा उघडली.

संध्याकाळी स्नेहलता जेवायला आली. दर शनिवारी येते. गिरगावची मुलगी, एकोणतीस वर्षांची, इथे युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्रात डॉक्टरेट करते आहे. पाच वर्षांनी लहान, पण मला ऐकवते आजीसारखी. आज तिच्या चपलेचे बंद सुटे होते. डोळ्यांखाली फुगलेलं.

म्हटलं, "रडलीस का गं?"

"माझा प्रयोग फसला की मी शिव्या देते वसुताई, रडत नाही. आमटीत मीठ कमी पडलंय, दे जरा."

शुक्रवार, ३ ऑगस्ट

स्नेहलतेला क्लिनिकमध्ये ठेवून घेतलं. मूत्रपिंडांना सूज आहे. जुनी असावी, आत्ता कळली, असं हे म्हणाले. हे तिथल्या डॉक्टरांशी बोलून आले. मीठ पूर्ण बंद. डाळ, दूध मोजून. मी विचारलं, बरी होईल ना? हे म्हणाले, "बघू या." सायकलचा पंप शोधत बाहेर गेले. पंप तर सायकललाच होता.

तिने आईला कळवायचं नाही म्हणून शपथ घातली आहे. घरी आई आणि धाकटा भाऊ सुधीर, दोघंच.

रविवार, ५ ऑगस्ट

क्लिनिकमध्ये गेले होते. अळणी उकडलेला बटाटा पुढ्यात घेऊन बसली होती. "हे खाऊन माणूस बरा होत नाही, कंटाळून घरी जातो," म्हणाली. हसली, पण चेहरा असा सुजलेला की हसू डोळ्यांपर्यंत पोचेचना.

तिथून येताना ठरवलं. श्रावण लागला आहे, उद्या पहिला सोमवार. आईचं पुस्तक नेमकं आताच का यावं? सोळा सोमवार धरते. देवासमोर बोलले : स्नेहलता आपल्या पायांनी इस्पितळाबाहेर पडू दे. ह्यांना सांगितलं नाही. नवस बोलून दाखवला की हलका होतो, असं आई म्हणायची.

सुईचं काय, हा प्रश्न आहे. दिवसभर उपास, संध्याकाळी पूजेनंतर चुरमा, तोही बिनमिठाचा. सोमवारपुरती सुई निम्मी घ्यावी असं मनात येतं. निम्मी चूल, रिकामं भांडं. चालेल बहुतेक. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या नको म्हणणार. म्हणजे विचारण्यात अर्थ नाही.

सोमवार, ६ ऑगस्ट

पहिला झाला. बेल इथे कुठला? घरमालकीण त्साइडलरबाईंच्या बागेत स्ट्रॉबेरीचे वेल आहेत. त्याचं पान तीन दळांचं असतं. अकरा पानं मागून घेतली. त्यांना वाटलं मी चहा करणार.

चुरम्याचे तीन भाग. एक देवाचा, एक आपला, एक गाईचा. गाईसाठी लतिकेला घेऊन गावाबाहेर क्रॉप्फबाईंच्या गोठ्यापर्यंत चालत गेले. गाईचं नाव लीझल. तिने गुळाचा वास घेऊन हात कोपरापर्यंत चाटला. लतिका सात वर्षांची आहे, आम्ही मराठीत बोलतो, ती उत्तर जर्मनमध्ये देते. आईलाही इथल्या मुलांसारखं 'मामा' म्हणते. म्हणाली, "मामा, तुझे हात थरथरतात." गाईच्या जिभेने गुदगुल्या होतात, म्हटलं.

माझा भाग सुपारीएवढा घेतला. प्रसाद हा पथ्यात धरत नाहीत.

बुधवार, २२ ऑगस्ट

स्नेहलतेच्या वॉर्डातल्या श्वेस्टर, म्हणजे नर्स, इर्मगार्ड यांनी मला रोज दुपारी दोनला आत सोडायचं कबूल केलं. नियमाने भेटीची वेळ बुधवार आणि रविवार एवढीच. पण इथलं जेवण ती शिवत नाही आणि माझ्या हातचं चार घास खाते, हे त्यांनी पाहिलं. मीठ नाही याची खात्री म्हणून पहिल्या दिवशी स्वतः चाखलं. जिऱ्याची फोडणी, लिंबू, वर पार्सलीची पानं कोथिंबीर समजून. श्वेस्टर म्हणाल्या, उद्या थोडं जास्त आणा.

शेजारच्या खाटेवर लिंडनरबाई आहेत, सत्तरीच्या. त्या दिवसभर विणतात आणि सगळ्यांची आजारपणं तोंडपाठ सांगतात.

सोमवार, ३ सप्टेंबर

पाचवा. दुपारी जिन्यात जरा बसावं लागलं. थंडी पडू लागली आहे, सगळ्या अंगाला दरदरून घाम. थंडीत घाम कसला? देव परीक्षा पाहतो तो असाच.

तिच्या पायांची सूज उतरली आहे! डॉक्टर म्हणतात गोळ्यांनी. असेल. गोळ्याही त्याच्याच.

सोमवार, १७ सप्टेंबर

सातवा. हिशेब लिहायला बसले तर आठ आणि सात किती हे काही केल्या जुळेना. तीनदा तेरा आले. लतिकेवर उगाच ओरडले. ती जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली आणि दार लावून बसली. रात्री चुरमा खाल्ल्यावर पाहिलं तर बेरीज सोपी होती. पंधराच.

एक बरं आहे. सोमवारी निम्मी सुई घेते म्हणून औषधाची बाटली जास्त दिवस पुरते. विमा मंडळ पैसे देतं हे खरं, पण जपून वापरलेलं कुणाचंही असलं तरी चांगलंच.

सोमवार, १ ऑक्टोबर

नववा. क्लिनिकच्या बसमध्ये बसले आणि स्टॉप निघून गेला. उतरले तेव्हा कुठे आहे ते कळेना, सगळी घरं एकसारखी. एका बाईने हाताला धरून परत बसवलं. तिला मी मराठीत बोलत होते म्हणे. मला तर वाटतं मी चांगलं जर्मन बोलत होते.

दोनच्या ऐवजी पावणेतीनला पोचले. स्नेहलतेने आधी मला खुर्चीत बसायला लावलं.

"ताई, जेवलीस का तू?"

"जेवले की."

"काय?"

"पोळी," म्हटलं.

"कशाशी?"

"तुझं बघ ना. बटाटा थंड होतोय."

तिने साखरेची डबी मागून घेतली, उघडून मोजली, परत दिली. वड्या चारच्या चार होत्या. एखादी खावी असं मला बसमध्ये एकदा वाटलं होतं. पण मग नववा गेला असता.

सोमवार, ८ ऑक्टोबर

दहावा. नीट पार पडला. बाकी विशेष नाही. क्रॉप्फबाईंनी विचारलं, तुमच्या देशात गाईचा वाढदिवस दर सोमवारी असतो का. हो म्हटलं. समजावून सांगायला जर्मन पुरलं नसतं.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

तीन दिवस मी क्लिनिकमध्ये होते. पाहुणी म्हणून नव्हे. आज सोडलं. जे झालं ते मांडून ठेवते. निम्मं मला आठवत नाही, ते स्नेहलतेच्या तोंडून ऐकलेलं आहे.

सोमवारी सकाळी हे सुईपाशी येऊन उभे राहिले. बाटली उजेडात धरली. म्हणाले, "ही मागच्या आठवड्यातच संपायला हवी होती." इंजिनीअर माणूस. मी घरचा हिशेब ठेवते आणि हे माझ्या बाटलीचा ठेवतात, हे मला माहीत नव्हतं. मी काही बोलायच्या आत यांनी स्वतः पूर्ण माप भरलं आणि समोर उभं राहून टोचायला लावलं. मग म्हणाले, "आता पाव खा." पाव ताटलीत घेतला. हे सायकलवरून वळेपर्यंत ताटली हातात धरून खिडकीत उभी राहिले. मग पाव डब्यात ठेवला. अकरावा सोमवार होता. दहा झाल्यावर कोण सोडतं?

दोन वाजता वॉर्डात शिरल्याचं आठवतं. पुढचं स्नेहलतेचं. मी म्हणे श्वेस्टर इर्मगार्डना मराठीत रागावले की आरतीचं तबक कुठे ठेवलंत, आणि कापूर ओला कसा झाला. त्यांनी हात धरला तो झटकला. मग खाटेच्या कडेवर बसले ती बाजूला कलंडले. श्वेस्टर डॉक्टरांना बोलवायला पळाल्या. डबी पर्समध्ये, पर्स माझ्या अंगाखाली. स्नेहलतेला खाली पाय टेकवायला मनाई. ती उठली. लिंडनरबाईंच्या चहात त्यांचीच साखर सात चमचे घातली आणि माझं डोकं मांडीवर घेऊन तो चहा थेंबथेंब ओठांत सोडत बसली. लिंडनरबाईंनी विणकाम टाकून मागून तिच्या पाठीला हात दिला होता.

शुद्ध आली तेव्हा तोंडात गोड होतं. पहिलं काय मनात यावं? की अकरावा मोडला.

मी रडायला लागले तर ती म्हणाली, "झालं, बरी आहेस. रड."

"तू माझा सोमवार मोडलास."

"कुठला सोमवार?"

तेव्हा सगळं सांगावं लागलं. ती ऐकत होती. चेहरा पांढरा पडलेला, धाप लागलेली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली नाही. विचारलं, "किती झाले?"

"दहा. आज अकरावा होता."

"आणि हे माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच ना."

"ताई, आजारी मी, मग औषध तू का घेतेस? उद्या तुझी सुई मी टोचून घेऊ का? तुझी साखर उतरेल?"

मी म्हटलं, नवस औषधासारखा नसतो. ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी तेच. औषध निम्मं घेतलं तर डॉक्टर रागावतो. तुझा शंकर एवढा कडक आहे की एका बाईला चार वड्या साखर खाऊ देत नाही?"

मला भीती वाटते. व्रत मोडलं आणि तिला काही झालं तर ते माझ्या चहापायी.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. एक शब्द रागाचा नाही. फक्त म्हणाल्या की आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर लतिकेला आई नसती. हे खिडकीबाहेर बघत उभे होते.

शनिवार, २० ऑक्टोबर

स्नेहलतेला पुन्हा सूज आहे. श्वेस्टर म्हणतात, त्या दिवशी उठली त्याने नव्हे, वाढायचीच होती. मला समजावायला म्हणत असतील.

आज तिने मला खुर्ची जवळ ओढायला लावली. "वही आणलीस? लिही. सोमवारी पंधरा तारखेला मी दुपारी अळणी बटाटा खाल्ला, सकाळी काही नाही, संध्याकाळी काही नाही, कारण तुझ्या काळजीने गिळवेना. म्हणजे अकरावा झाला. माझ्या नावावर मांड."

"असं कसं मांडता येईल?"

"का? आल्झो, हे बघ, मीठ खाल्लं का मी? नाही. दिवसातून एकदा जेवले का? हो. पुढचे पाचही माझे. माझा रोजच सोमवार आहे इथे."

"अगं, पण श्रद्धा लागते त्याला."

"श्रद्धा माझ्याकडे नाही. पण मीठही नाही. तुझ्याकडे श्रद्धा आहे. तू कहाणी वाच, मी अळणी खाते. दोघींचं मिळून एक व्रत होईल. एकीला अख्खं झेपत नाही, तर वाटून घेऊ."

मी म्हटलं, ज्याच्यासाठी नवस त्यानेच फेडला असं कुठे ऐकलं नाही. "तुझ्या आईच्या पुस्तकात नको म्हणून लिहिलंय का?" पुस्तकात तसं काही नाही. मी घरी येऊन सगळी सुटी पानं पाहिली.

तिची एक अट आहे. सोमवारी दुपारी दोनला मी तिच्यासमोर बसून जेवायचं. पूर्ण, मापाचं, मीठ घातलेलं.

मी विचारलं, "आणि गाईचा भाग?"

"तो तू घाल. गाईने काय पाप केलंय?"

सोमवार, २२ ऑक्टोबर

बारावा, स्नेहलतेचा. मी पोळी, दुधी, ताक. ती अळणी भात. लिंडनरबाई कौतुकाने बघत होत्या. मी कहाणी वाचली. मधेच म्हणाली, "या गोष्टीतल्या बायका घरात कुणाला काही विचारतच नाहीत का? सरळ उपास धरतात." मी म्हटलं, गप ऐक. शेवटपर्यंत ऐकली. हातात स्ट्रॉबेरीचं पान दिलं तर वास घेतला, म्हणाली, "यात टॅनिन असतं." आणि मी नेलेल्या शंकराच्या फोटोला ते माझ्या हातून वाहायला लावलं.

एवढं खाऊन मला लाज वाटली. पण हात स्थिर होते आणि बेरीज पहिल्या खेपेला जुळली. याचा अर्थ काय लावावा कळत नाही.

रेडिओवर चीनची लढाई. हे रोज रात्री कान लावून बसतात.

रविवार, २८ ऑक्टोबर

दिवाळी. पणत्या नाहीत, चहाच्या बशांत वाती लावल्या. लतिका एक बशी सांभाळत क्लिनिकमध्ये घेऊन आली, पण श्वेस्टरनी आत ज्योत नेऊ दिली नाही. तेव्हा काचेच्या दाराबाहेर धरून उभी राहिली. स्नेहलतेने आतून हात हलवला. लतिकेने चक्क मराठीत ओरडून सांगितलं, "मावशी, लाडू अळणीच आहे!"

मंगळवार, ६ नोव्हेंबर

काल चौदावा. ती दोन घासांनंतर थांबली. मी म्हटलं राहू दे, तर म्हणाली, "व्रत आहे बाई," आणि आणखी एक घास घेतला.

आज मोठे प्रोफेसर ह्यांच्याशी व्हरांड्यात बराच वेळ बोलत होते. मला लांबून फक्त ह्यांची पाठ दिसत होती. घरी येताना हे सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. म्हणाले, "तिला घरी पाठवायचं म्हणतात."

"म्हणजे सोडताहेत?"

"हो. तिकडची हवा, आईच्या हातचं. विमानाने. इन्स्टिट्यूटमधली मंडळी तिकिटाचं बघताहेत."

मी रस्त्यातच हात जोडले! इस्पितळ स्वतः होऊन सोडतं आहे. सोळासुद्धा पुरे व्हायचे आहेत अजून. मी म्हटलं, पाहिलंत ना? हे "हं" म्हणाले. चष्मा पुसू लागले. धुकं होतं.

तिने आईला आता पत्र लिहिलं आहे. सुधीर विमानतळावर येईल.

सोमवार, १२ नोव्हेंबर

पंधरावा. आमचा शेवटचा एकत्र. मी जेवले, ती माझ्याकडे बघत होती. तिच्या ताटलीत तीन घास भात. तेवढाही पुरा व्हायला पाऊण तास लागला.

मग तिने वाटावाटी काढली. सायकल लतिकेला, मोठी झाल्यावर. लोकरीचा कोट मला.

"मला कशाला? परत येशील तेव्हा थंडीत काय घालशील?"

"तोवर तू घाल. कपाटात टांगलास तर कसर लागेल."

"बरं. ठेव म्हणून घेते."

"ठेव म्हणून घे," म्हणाली. नंतर माझी पर्स मागितली. डबीतल्या जुन्या वड्या काढून टाकल्या, लिंडनरबाईंकडून नव्या मागून भरल्या. चारच्या ठिकाणी सहा बसवल्या, दाबून. "तुझ्या शंकराला सांग, हा माझा नैवेद्य आहे. कधी हात थरथरले तर त्याच्या आधी तू खायचास. शपथ घे."

घेतली.

"कुणाची घेतलीस?"

"तुझी."

"चुकलीस. लतिकेची घे. जास्त टिकेल."

असं काहीतरी तिरकं बोलायची तिला सवयच आहे. मी लतिकेची घेतली.

सोळावा ती गिरगावात करणार. वचन दिलं आहे. उद्यापन मी इथे करीन. सोळा जोडपी कुठून आणू? श्वेस्टर, लिंडनरबाई, त्साइडलरबाई, क्रॉप्फबाई, त्यांचे हयात असतील ते यजमान. त्यात हे आणि मी. भरतील कदाचित आठ माणसं.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

फ्रँकफुर्टला जाऊन आलो. चाकाची खुर्ची होती, पण विमानाच्या जिन्यापाशी ती उठली. क्लिनिकच्या दारातूनही चालतच बाहेर आली होती, मी पाहिलं. आपल्या पायांनी. जिन्यात तिसऱ्या पायरीवर थांबली, कठडा धरून. ह्यांनी पुढे पाऊल टाकलं तर श्वेस्टरसारखा हात दाखवून थांबवलं. मग चढली. वर पोचल्यावर वळून माझ्याकडे बघितलं आणि बोटाने तोंडाकडे खूण केली. खाल्लंस का?

मी डबा उचलून दाखवला.

नवस पावला. हे सगळ्या वाटेत माझा हात धरून बसले होते, आगगाडीत, लोकांदेखत.

सोमवार, १९ नोव्हेंबर

सोळावा. तिचा. दोन वाजता जेवायला बसले तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसहा. लीझलला चुरमा घातला. गूळ आता मुठीएवढा उरला.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

हे दुपारीच घरी आले. डोकं दुखतं म्हणाले. ऑफिसच्या पत्त्यावर सुधीरचं पत्र आलं म्हणाले. मी धावले, काय लिहितो? "कामाचं आहे. तिची कागदपत्रं, युनिव्हर्सिटीची." मी दाखवा म्हटलं, तर ऑफिसातच राहिलं. तिची तब्येत? "प्रवासाने थकली होती, असं लिहिलंय." म्हणजे आता ठीक असेल. लढाईच्या बातम्यांनी हे फार खचले आहेत. संध्याकाळी माझी भाकरी स्वतः तोलली, मी खाईपर्यंत समोर बसले, आणि लतिकेला आज कधी नव्हे ते मांडीवर घेतलं.

मी म्हटलं, मी स्नेहलतेला लिहिते आहे, उद्यापन अडलंय. ह्यांनी माझ्या पेनात शाई भरून दिली. म्हणाले, "लिही. सावकाश लिही. उद्यापनाची घाई नको करू." मग खिडकीकडे गेले.

पत्राची नक्कल इथे ठेवते :

चि. स्नेहलतेस वसुधाताईचा आशीर्वाद.

तू पोचल्याचं सुधीरकडून कळलं. तुझं एकही अक्षर नाही, पण थकली असशील म्हणून रागावत नाही. आईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या हातचं अळणीसुद्धा गोड लागत असेल.

मी वेळेवर खाते. डबी भरलेली आहे, सहाच्या सहा. मागच्या बुधवारी जरा हात हलले तर एक खाल्ली आणि दुसरी आणून ठेवली. म्हणजे शपथ पाळते आहे. कोट थंडीमुळे वापरायला काढला. बाही जरा लांब होते, पण उसवून आखूड केली नाही, तू आल्यावर तुला तोकडी पडेल. उजव्या खिशात तुझी पेन्सिल सापडली, ती तशीच ठेवली आहे. लिंडनरबाई घरी गेल्या. त्यांनी तुझ्यासाठी मोजे विणलेत, ते माझ्याकडे आहेत. गाय बरी आहे. लतिका विचारते मावशीला विमानात बटाटा दिला का.

आता कामाचं. पंधरा सोमवार माझ्या वहीत मांडलेले आहेत, दहा माझे, पाच तुझे. सोळाव्याची ओळ मी ओढून ठेवली आहे, ती कोरी आहे. तू केलास याची मला खात्री आहे, पण तुझ्या तोंडून कळल्याशिवाय उद्यापन करता येत नाही. प्रवासाने थकून राहून गेला असेल तर तसं लिही, मी काही म्हणणार नाही, येत्या सोमवारी कर. हातात बळ नसेल तर लांब लिहूच नकोस. कार्डावर नुसतं 'अळणी' एवढं लिहिलंस तरी मला समजेल.

मात्र उलट टपाली कळव. मी ओळ कोरी ठेवून वाट बघते आहे.